वाचता येतं : उत्तम

त्या फॉर्मवर चार रकाने होते आणि चारही मी खरे भरले होते. हे मी आजवर कितीतरी जणांना सांगितलं आहे, आणि इथेही आधी तेच सांगते, कारण पुढे अम्मानच्या एका ऑफिसात मला तोंडावर खोटारडी म्हटलं गेलं. अरबी वाचता येतं का? उत्तम. लिहिता येतं का? बऱ्यापैकी. बोलता येतं का? थोडं. कुठे शिकलात? घरी. समजतं का, असा रकानाच नव्हता.

आमच्याकडे अरबी येणं म्हणजे वाचता येणं. आमचं घर अकोल्यातलं, अब्बांचा गादी-रजईचा धंदा, अम्मीचं माहेर अमरावतीचं. घरात बोली वऱ्हाडी आणि तिच्यात लागेल तेवढी उर्दू. शाळा मराठी, कारण ती घराजवळ होती. आणि रोज संध्याकाळी गल्लीतल्या आपांकडे अरबी. आपा म्हणजे आमचा पाठ घेणाऱ्या बाई. त्यांच्या ओसरीवर आम्ही पंधरा-वीस मुलं डोलत बसायचो. आधी अक्षर, मग अक्षराच्या वरची-खालची खूण, मग शब्द, मग ओळ. चार वर्षांत धर्मग्रंथाचं माझं पहिलं वाचन पुरं झालं. त्या दिवशी गल्लीत लाडू वाटले गेले आणि मला जरीची हिरवी ओढणी मिळाली. माझा आवाज चांगला आहे. उगाच विनय दाखवत नाही, तो चांगलाच आहे. कुणाकडे बायकांचं पठण असलं की मला बोलावणं यायचं. मी वाचायचे, बायका ओढणीनं डोळे टिपायच्या, कुणी डोक्यावरून हात फिरवायची, आणि मग चहा यायचा.

नऊ-दहा वर्षांची असताना एकदा मी आपांना विचारलं होतं, याचा अर्थ काय. त्या म्हणाल्या, “पहले जबान साफ कर.” जबान साफ झाली. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मीही परत विचारलं नाही. घरात त्याच ग्रंथाच्या उर्दू तर्जुम्याची, म्हणजे भाषांतराची, एक जाड प्रत होती. पण उर्दू छापताना अक्षरांना खुणा देत नाहीत, आणि खुणांशिवाय वाचायला आम्हा मायलेकींना कुणी शिकवलं नव्हतं. म्हणजे अरबी वाचता येतं पण समजत नाही, आणि उर्दू समजतं पण वाचता येत नाही, असा आमचा कारभार. यात काही वावगं आहे, असं मला बाविसाव्या वर्षापर्यंत वाटलंही नाही. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

अमरावतीला बी.ए. केलं. पुढे भाषांतराचं काम करावं असं डोक्यात होतं. अम्मानच्या एका संस्थेत वर्षभर अरबी शिकण्याची शिष्यवृत्ती निघाली, मी अर्ज केला आणि ती मिळालीसुद्धा. अट एकच : प्रत्येक सत्राच्या परीक्षेत साठ गुण. एकोणसाठ पडले तरी शिष्यवृत्ती बंद आणि विद्यार्थी घरी.

आमच्या शेजारच्या काकूंचा फुलांचा मळा आहे. झेंडू, शेवंती, निशिगंध, जे हंगामाला येईल ते घेऊन त्या बाजारात बसतात. मी निघायच्या आदल्या दिवशी त्या शेवंतीची पुडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “तुमाले तं अरबी येतेच ना व. मंग शिकाले इतक्या दूर काहून जाऊन राहिली?”

अम्मी हसली. मीही हसले. इतका सरळ प्रश्न आमच्या घरात कुणी प्रथमच विचारला होता, आणि आम्ही दोघींनी तो हसण्यावारी नेला.

अम्मानला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी चाचणी होती. कुणाला कितव्या वर्गात बसवायचं ते ठरवण्यासाठी. चाचणी घेणाऱ्या बाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सरकवलेल्या, आवाज मऊ. त्यांनी मला एक उतारा दिला. जुना, खुणा दिलेला. मी ओढणी सारखी केली आणि वाचला. अर्ध्यावर आल्यावर त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि शेवटी डोळ्यांवरून काढून पुसला. मग त्या प्रश्न विचारायला लागल्या. आता, आमच्या घरात पाच-सहा अरबी बोल असे आहेत की ते कुठल्याही प्रश्नाला चालतात. अल्हम्दुलिल्लाह, म्हणजे देवाची कृपा, हा त्यातला पहिला. प्रवास कसा झाला असं त्यांनी विचारलं असावं. मी म्हटलं, अल्हम्दुलिल्लाह. घरचे बरे आहेत का असं विचारलं असावं. अल्हम्दुलिल्लाह. लहानपणापासून शिकलीस का, असं काहीतरी विचारलं. मी मान खाली घालून म्हटलं, अल्हम्दुलिल्लाह. बाई खूश झाल्या आणि मला तिसऱ्या वर्गात बसवलं. माझ्या खोलीत राहणारी कोरियन मुलगी त्याच सकाळी पहिल्या वर्गात बसली. तिला अलिफ-बे ही मुळाक्षरंसुद्धा येत नव्हती.

पहिल्याच तासाला मला समजलं की मला काही समजत नाही. शिकवायला चाचणीच्याच बाई होत्या. बाई बोलतात, वर्ग हसतो, मीही हसते. बाई गंभीर होतात, मीही गंभीर होते. त्या दिवशी ऑफिसात जाऊन खालचा वर्ग मागायला हवा होता. दोन आठवडे मुदत होती. पण संध्याकाळी अम्मीचा फोन आला आणि मी, कशाला कोण जाणे, आधी तिसरा वर्ग मिळाल्याचंच सांगून बसले. चार दिवसांत अकोल्यात आमची गल्ली आणि अमरावतीत अख्खं आजोळ यांना ठाऊक झालं. “एकदम तिसरीत बसवलं माह्या पोरीले,” असं ती ज्याला-त्याला सांगत सुटली होती. अब्बा तर गादी भरायला आलेल्या गिऱ्हाइकांनाही सांगत होते. मग मी कुठल्या तोंडानं खाली उतरणार? दोन आठवडे गेले.

मग मी जे येत होतं ते केलं : घोकलं. धडेच्या धडे पाठ केले, धड्याखालचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं पाठ केली. पहिल्या दोन छोट्या परीक्षांत पाठ केलेलं उतरवून पास झाले. बाई मला कधी प्रश्न विचारत नसत. तास सुरू झाला की त्या कुठलातरी जुना, भारदस्त उतारा माझ्या हाती द्यायच्या, मी वाचायचे, वर्ग शांत ऐकायचा, आणि मग बाई इतरांकडे वळायच्या. वर्गातल्या जर्मन मुलाला विचारायच्या, पोलंडच्या एका रिटायर्ड इंजिनियरला विचारायच्या, शब्द न् शब्द फोडून सांगायच्या. माझ्याकडे बघून नुसत्या हसायच्या. तुला काय विचारायचं, असं ते हसणं. मला त्या हसण्याची चीड यायला लागली. आपांच्या ओसरीतून उठून मी थेट इथे येऊन बसले होते, मधे फक्त विमानाचा प्रवास झाला होता.

वर्गाबाहेर तर बघायलाच नको. आमच्या रस्त्यावर भाजीचं एक दुकान होतं. कोरियन मुलगी तिथे बोट दाखवून “टोमॅटो” म्हणायची, तेही तोडकंमोडकं, की दुकानदार टाळ्या वाजवायचा, तिला वर दोन लिंबं द्यायचा. मला कांदा हवा असायचा. कांद्याला अरबीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं, कारण ज्या मजकुरावर मी वाढले त्यात मला कांदा कधी कुणी दाखवला नव्हता. मी बोट दाखवायचे. तो माझ्या ओढणीकडे बघायचा, विचारायचा, मुसलमान ना? मी हो म्हणायचे. मग अरबी कसं येत नाही, असं तो हातवारे करून विचारायचा. रोज. लिंबं तर सोडाच, वर उपदेश. ती दोन शब्द बोलली की कौतुक, मी दोन शब्दांना अडले की जणू घराण्याचं नाव घालवलं. माझ्या घराण्यात भाजीवाल्याशी अरबीत बोलायची वेळ आजवर कुणावर आली होती?

मी खोलीवर येऊन त्या कोरियन मुलीवर चिडायचे. तिचा काही दोष नव्हता. ती बिचारी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची : मीठ, साखर, तेल. अरबीत. मी भाकरी थापता थापता त्या चिठ्ठ्या खणखणीत वाचून दाखवायचे, तिचे उच्चार सुधारायचे, आणि कुठल्या डब्यात काय आहे ते झाकण उघडून बघायचे.

दोन महिने असे गेले. सत्राची मोठी परीक्षा सहा आठवड्यांवर आली. तिच्यात न पाहिलेला उतारा येणार होता आणि तोंडी परीक्षाही होती, म्हणजे घोकण्याला वाव नव्हता. मी रोज ठरवायचे की आज सांगते. रोज अम्मीचा फोन यायचा.

एका मंगळवारी बाईंनी नेहमीसारखा कागद माझ्या हातात दिला. खुणा त्यांनी स्वतः पेन्सिलीनं घातल्या होत्या. मी उठले, ओढणी सारखी केली, घसा साफ केला आणि नेहमीच्या सुरात सुरुवात केली. आमचा पठणाचा एक सूर असतो. कुठे ओढायचं, कुठे नाकात घुमवायचं, कुठे थांबून श्वास घ्यायचा, ते सगळं लहानपणापासून जिभेत बसलेलं. दुसऱ्या ओळीला जर्मन मुलानं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, गहिवरला. मी आणखी लांबवलं. पाचव्या ओळीला सगळा वर्ग हसत होता. पोलंडचे इंजिनियर तेवढे खाली बघत होते.

बाई उभ्या राहिल्या. चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी मला काहीतरी विचारलं. एकच वाक्य, दातांवर दात धरून.

मी म्हटलं, अल्हम्दुलिल्लाह.

बाईंनी माझ्या हातातला कागद ओढून घेतला आणि दाराकडे बोट दाखवलं. तेवढं मला समजलं.

कॉरिडॉरमध्ये इंजिनियर माझ्या मागोमाग आले आणि इंग्रजीत त्यांनी उलगडा केला. तो कागद म्हणजे त्या भागाची पाणी बंद राहण्याची नोटीस होती. गुरुवारी सकाळपासून दुरुस्तीसाठी पाणी येणार नाही, नागरिकांनी साठा करून ठेवावा. बाईंनी मुद्दाम रोजच्या वापरातला मजकूर आणला होता. आणि त्यांनी मला विचारलं होतं, “पवित्र वाचनाची ही थट्टा करताना तुला मजा येते आहे का?”

अकोल्यात वाढलेली मी. नळाच्या वेळेवर घरातली कामं लावणाऱ्या घरातली. आणि पाण्याच्या नोटिशीपुढे मी मान झुकवून सूर लावला. हे आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात.

ऑफिसात प्रमुख साहेब बसले होते, शेजारी बाई. साहेबांना इंग्रजी येत होतं. ते म्हणाले, तुमच्याबद्दल गंभीर तक्रार आहे. धर्माच्या वाचनाची टवाळी केलीत आणि विचारल्यावर उलट उत्तर दिलंत. अशा विद्यार्थ्यांना आम्ही ठेवत नाही.

मी म्हटलं, “मी टवाळी केली नाही. मला तो कागद समजलाच नाही. मला काहीच समजत नाही.”

“तुम्ही तिसऱ्या वर्गात आहात.”

“बसवलं म्हणून आहे.”

“तुम्ही फॉर्मवर ‘वाचता येतं : उत्तम’ असं लिहिलंय. तुम्ही मुसलमान आहात. लहानपणापासून शिकलात. आणि आता म्हणता समजत नाही? खोटं तरी पटेल असं बोला.”

तिथे माझा तोल गेला. मी रडेन असं मला वाटलं होतं, पण मी भडकले. मी म्हटलं, मुसलमान घरात जन्मलं की अरबी काय आईच्या पोटातून येते? माझ्या घरात कुणाला येत नाही. माझ्या गल्लीत कुणाला येत नाही. आम्हाला वाचायला शिकवलं आणि तिथेच सोडून दिलं. तुम्ही त्या जर्मनाला विचारता, समजलं का. त्या इंजिनियरला दहादा विचारता, समजलं का. मला दोन महिन्यांत एकदा तरी विचारलंत? इंग्रजी धड सुचत नव्हतं, मधे मधे वऱ्हाडी निघत होती, पण मी थांबले नाही.

साहेबांचा विश्वास बसला नाही. त्यांनी एका कागदावर एक ओळ लिहिली, तिला खुणा दिल्या आणि माझ्यापुढे सरकवली. मी वाचली. या वेळी सूर लावला नाही, पण उच्चारात कुठे खोट नव्हती. दोघं माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघत राहिले. बऱ्याच वेळानं साहेब म्हणाले, “यात लिहिलंय, ‘उठा आणि तुमच्या मागची खिडकी उघडा.’”

मी बसलेलीच होते.

बाईंनी मग स्वतःच उठून खिडकी उघडली. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. साहेबांच्या मार्फत त्यांनी विचारलं, तू रोज माझ्यासमोर वाचत होतीस, मग बोलली का नाहीस? मी म्हटलं, तुम्ही रोज ऐकत होतात, मग विचारलं का नाही? साहेबांनी हे भाषांतर करावं की नाही असा विचार केला, आणि केलं. बाई म्हणाल्या, “मला वाटलं, तुला काय विचारायचं.” माफी मागितली नाही. मीही मागितली नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः ऑफिसात लिहून दिलं की चूक चाचणीची होती. मुदत संपली असली तरी मला पहिल्या वर्गात घेतलं. सहा आठवड्यांनी पहिल्या वर्गाची परीक्षा द्यायची, आणि साठ गुणांची अट तीच. नापास झाले तर घरी. तेवढ्या वेळात इतरांचे साडेतीन महिने मला भरून काढायचे होते.

त्याच आठवड्यात मी त्या कोरियन मुलीकडून पहिला धडा शिकले. आमच्या स्वयंपाकघरात. ती दाराला हात लावायची आणि म्हणायची, हे दार आहे. भिंतीला हात लावायची, ही भिंत आहे. मग दोन्ही हात पसरून, हे घर आहे. जी मुलगी अलिफ-बे माझ्याकडून ऐकून घोटत होती, ती मला शिकवत होती आणि मी मुकाट्यानं शिकत होते. कमीपणा घेणं मला जमत नाही, पण घेतला.

शुक्रवारी दुपारी अम्मीचा फोन आला. मी ठरवलंच होतं. सरळ सांगून टाकलं की मी आता पहिलीत बसते.

“काहून? काय झालं?”

“मले काहीच समजत नव्हतं म्हनून.”

“पन तू तं वाचते ना व. इतकं चांगलं वाचते.”

“वाचते. समजत नाही. वाचनं येगळं, समजनं येगळं.”

आता ती गल्लीचं काढणार, आता म्हणणार मी लोकांना काय सांगू, अशी मी वाट बघत होते, आणि त्यासाठी माझं उत्तर तयार होतं. इतक्या दिवसांचा राग कुठेतरी काढायचाच होता. मीच सुरू केलं. म्हटलं, “तू सांग बरं. तू रोज पढते. एका तरी ओळीचा अर्थ सांग मले.”

“मले कुठं माईत आहे,” ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं. मग थांबून म्हणाली, “म्हंजे मी तं चाळीस वर्सं झाले, तिसरीतच बसून राहिली.”

“पहिलीत काय शिकोते?” तिनं विचारलं.

“काही नाही व. साधंच असते. हे दार आहे, हे घर आहे.”

“अरबीत म्हन.”

मी म्हटलं.

“ते घराचं पुन्हा म्हन.”

“हाजा बैत,” मी पुन्हा म्हटलं. पलीकडे ती ते ओठातल्या ओठात म्हणत होती, आणि तिच्या तोंडी तो सूर आपोआप लागत होता. मग ती म्हणाली, “हे तं मी रोज पढून राहिली. सकाळच्या नमाजात. लहान होती तवापासून.” आणि जरा वेळानं, “घर होय ते?”

“हो. घर.”

“आनी इतके वर्सं मले कोनी सांगितलं काहून नाई?”

तिचा आवाज चढला होता. मी तिला इतकं चिडलेलं कधी ऐकलं नव्हतं. तिला शिकवणाऱ्या अमरावतीच्या आपा, मशिदीतले मौलाना, तिचे वडील, थोरले भाऊ, अब्बा, एकेकाचं नाव घेऊन ती विचारत राहिली, यांना माहीत होतं का, माहीत होतं तर सांगितलं का नाही, आणि नव्हतं तर मग शिकवलं काय. त्यातले बरेचसे आता हयात नाहीत. मी फोन कानाशी धरून ऐकत राहिले.